रांजणाखालचा माणूस

३ फेब्रुवारी

काकू,

फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी ‘एक्स-रे’ म्हणाले आणि तू माझं हाड मोडलं असं समजून शेजाऱ्यांना गोळा केलंस. म्हणून हे पत्र. चष्मा लावून निवांत वाच. हाडं शाबूत आहेत.

काकांचं ‘बाई आणि रांजण’ संग्रहालयात दुरुस्तीला आलंय आणि आलंय ते थेट माझ्या टेबलावर. इथे मला सहा वर्षं झाली, पण आपल्या घरातलं चित्र असं उताणं पडलेलं पहिल्यांदाच बघतेय. मे महिन्यात काकांच्या सतरा चित्रांचं मोठं प्रदर्शन आहे. त्या काळाला आता ‘पात्रकाळ’ असं नाव पडलंय. आधी काका माणसं काढायचे, मग एके दिवशी माणसं गेली आणि त्यांच्या जागी घागरी, हंडे, सुरया आल्या. पात्र म्हणजे देह, पात्र म्हणजे कूस, पात्र म्हणजे रिकामं मन, असं काय काय लिहिलंय लोकांनी. इथल्या माझ्या सरांनी तर ‘पात्र’ म्हणजे भांडं आणि ‘पात्र’ म्हणजे नाटकातलं माणूस, एवढ्या एका गोष्टीवर चौदा पानं लिहिलीत. या सगळ्याची सुरुवात तुझ्या चित्रापासून झाली, असं सगळे धरून चालतात.

तर त्या रांजणाचे पोपडे निघताहेत. बाकीचं चित्र ठणठणीत आहे. खुर्चीवर बसलेली तू, निळे कपडे, मागची भिंत, कशालाही धक्का नाही. फक्त रांजणच सुटतोय. का, ते बघायला मी चित्राचा एक्स-रे काढला.

काकू, रांजणाच्या खाली माणूस आहे. तुझ्या पायाशी बसलाय आणि त्याचं डोकं तुझ्या मांडीवर आहे.

कोण आहे गं तो?

तुझी
चिंगी

११ फेब्रुवारी

चिंगे,

आधी अक्षर सुधार. ‘पोपडे’ मी ‘पोपट’ वाचलं आणि रांजणातून पोपट कसे निघतील याचा अर्धा तास विचार करत बसले.

माणसाचं काय घेऊन बसलीस? कॅनव्हास परवडायचे नाहीत, तेव्हा हे जुन्या चित्रावरच नवं काढायचे. असेल कुणीतरी जुना. मांडी माझीच कशावरून? बायका बसल्या की सगळ्यांच्या मांड्या सारख्याच.

इकडे वरच्या मजल्यावरच्या बाईंनी साबणाने जिना धुतला आणि कुणाला सांगितलं नाही. चार पायऱ्या मी बसूनच उतरले. गुडघा कुरकुरतोय. कानाचं यंत्र नवं घेतलं, त्यातून लोकांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.

ते पोपडे तुम्ही चिकटवता, की खरवडून टाकता? तेवढं लगेच कळव. बाकीचं सावकाश कळवलंस तरी चालेल.

काकू

२० फेब्रुवारी

काकू,

चित्र जुन्यावर नवं काढलेलं नाही. ते एकच चित्र आहे. रांजणावर ठेवलेला तुझा उजवा हात एक्स-रेमध्ये त्या माणसाच्या केसांत आहे. तेच बोट किंचित वाकलेलं, तीच अंगठी. म्हणजे हात आधीपासून तिथेच होता, त्याच्याखालचं डोकं बदललं.

आणि त्याला चेहरा नाही. कान आहेत, केस आहेत, मानेची शीरसुद्धा आहे. मधे नुसता पुसून पुसून खडबडीत झालेला रंग.

दुसरं म्हणजे रांजण तैलरंगातला नाही. दाराखिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट आहे, तपकिरी. म्हणूनच खालच्या रंगाशी त्याचं जमत नाही आणि तो सुटतो. तू रंगाच्या दुकानात होतीस तेव्हा काकांनी तुझ्याकडूनच डबा आणला असणार, असं मी सरांना म्हटलं. सर म्हणाले, “रंग सोडा, हात बघा. काकांचा ब्रश आडवा जातो. हा वरून खाली सरळ आलाय. माणूस दार रंगवतो तसा. हे नंतर दुसऱ्या कुणीतरी केलंय.” त्यांचा संशय काकांची चित्रं विकणाऱ्या गॅलरीवाल्यावर आहे.

मला ते पटत नाही. मला वेगळंच वाटतंय आणि ते लिहायला हात धजत नाही. लहानपणी तुमच्याकडे यायचे तेव्हा माडीवर ते भाडेकरू असायचे, कविता करणारे. रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलत बसायचे. मग एकदम गेले. रागावू नकोस, पण काकांनी आधी जे दिसलं ते काढलं आणि मग रागाने झाकलं, असं तर नाही?

तू विचारलं होतंस म्हणून सांगते. थर काकांचा असेल तर आम्ही तो चिकटवतो. दुसऱ्या कुणाचा असेल तर खरवडून काढतो. नियमच तसा आहे.

चिंगी

१ मार्च

चिंगी,

तो भाडेकरू गेला कारण त्याची बदली झाली. तो बोलायचा ते दाताच्या दुखण्याबद्दल. त्याची दाढ होती, माझी होती, आमचं जमायचं. एवढी शिकलीस आणि डोक्यात हे?

रांजण ह्यांनी काढला. माझ्या डोळ्यांदेखत काढला. हे मी पूर्ण शुद्धीत लिहून देते आहे. तुझ्या सरांना दाखव आणि चिकटवून टाका.

काकू

१५ मार्च

काकू,

माझं चुकलं. दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. त्या दाढेबद्दल मी कान पकडते.

तुझा कागद सरांना दाखवला. ते म्हणाले, बाईंना आठवत नसेल. मी म्हटलं, तिला माझ्या बारशाला कोण उशिरा आलं तेही आठवतं. तरी ते ऐकेनात. म्हणून चित्राची मागची बाजू उघडायची असं ठरलं. गॅलरीवाल्याने मजबुतीसाठी मागे एक जादा कापड चिकटवलं होतं, ते मी चार दिवस ओलं करत, वाफ देत सोडवलं.

त्याखाली काकांचं अक्षर आहे. कोळशाने लिहिलंय, हाताएवढी मोठी अक्षरं, ओळी उतरत गेलेल्या, एक तर दुसरीवर चढलेली. सही आहे, तारीख आहे. जसं आहे तसं उतरवते.

*माणूस जिथे पुसला गेला*
*तिथे तू रांजण ठेवलास.*
*मला कड दिसते, पोट दिसत नाही.*
*भर, नाहीतर राहू दे.*
*मी कडेकडेने येईन.*

काकांनी कविता लिहिलेली मी कधी ऐकली नव्हती. सर दिवसभर फेऱ्या मारताहेत. त्यांच्या मते ‘तू’ म्हणजे देव. दुपारनंतर तो मृत्यू झाला. संध्याकाळी कला. आणि अक्षर असं का, तर काकांनी घेतलेली असणार.

काका तर कधी घेत नसत. काकू, मला आता काहीच कळेनासं झालंय. तू म्हणतेस रांजण त्यांनी काढला. ते म्हणतात, ‘तू ठेवलास’. हा ‘तू’ कोण?

चिंगी

६ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र तीन आठवडे उशाखाली आहे. आधी वाटलं, उत्तरच द्यायचं नाही. मग वाटलं, आता कुणाला घाबरायचं.

ते मागचं मी कधी पाहिलं नव्हतं. आज एकतीस वर्षं झाली.

सांगते. सुचेल तसं सांगते, मागेपुढे झालं तर समजून घे.

त्या वर्षी हे माझं चित्र काढत होते. दुकानातून आले की मी तासभर बसायची. माझं झालं. मग म्हणाले, “आता मी.” त्यांना स्वतःला माझ्या पायाशी बसवायचं होतं, मांडीवर डोकं ठेवून. मला हसू आलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, ह्यांनी कधी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं नव्हतं. माणूस प्रेमळ होता, पण लाजरा. जे जमायचं नाही ते चित्रात काढायचे.

अंग झालं, हात झाले. चेहऱ्यासाठी कपाटाचा आरसा काढून समोर लावला. आठ दिवस त्याच्यापुढे बसले. काढायचे, पुसायचे. एकदा मला हाक मारली, “आरशात माणूस आहे का बघ गं.” मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, “आहे की, दाढी न केलेला.” तर म्हणाले, “मला कान दिसतात, केस दिसतात, खांदे दिसतात. मधे काही नाही.”

डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातोय. कडा राहतील, मधलं जाईल. समोरच्या माणसाचा चेहरा आता दिसायचा नाही. ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की कुणाला कळता कामा नये. माणसं काढणारा चित्रकार आणि त्याला चेहराच दिसत नाही, हे कळलं तर संपलंच. तुम्हा सगळ्यांना वाटतं डोळे शेवटी शेवटी गेले. नाही. तेव्हाच गेले होते.

गॅलरीवाला गुरुवारी चित्र न्यायला यायचा होता. बुधवारी हे पुन्हा डोळे दाखवायला गेले. जाताना म्हणाले, “नेऊ दे तसंच.” मी घरात एकटी, आणि समोर तो. चेहऱ्याच्या जागी रंग इतक्यांदा पुसला होता की माणूस भाजल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, हे बाहेर गेलं की जो बघेल त्याला कळेल. आणि खरं सांगते, मला ते बघवत नव्हतं. माझ्या मांडीवर माझा नवरा, आणि तो तिथे नाही.

मला माणूस काढता येत नाही. मला रंग कालवता येतो, एवढंच. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं, मी त्याला जुळणारा रंग करून द्यायची. घरात अर्धा डबा तपकिरी होता. कुणाच्या तरी दाराला जुळला नाही म्हणून परत आलेला. कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. त्याच्याकडे बघत बघत काढला. डोकं झाकायला तोंड, खांदे झाकायला पोट. माप बरोबर बसलं. कूस नाही, देह नाही, मन नाही. झाकायला काय आहे, तर रांजण आहे, एवढंच डोक्यात होतं.

हे आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मान वाकडी करून, पाखरू बघतं तसे एका बाजूने बघायचे तेव्हा.

“वास कसला येतोय?”

“दाराला रंग दिला.”

“कुठल्या दाराला?”

मी पानं वाढली. ते जेवले. पुन्हा विषय नाही. सकाळी मी दुकानात गेले, गॅलरीवाला येऊन चित्र घेऊन गेला.

तीन दिवसांनी म्हणाले, “तो दाराचा रंग उरलाय का?” आणि घागर काढायला बसले. मी विचारलं, आता माणसं नाही का काढायची? तर म्हणाले, “भांडं बरं. त्याला मधे काही नसलं तरी चालतं.”

मी आजपर्यंत धरून चालले होते की त्यांना रांजण दिसलाच नाही, नुसता वास आला. किंवा दिसला, पण आपणच कधीतरी काढला असं त्यांना वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर डोळ्यांचा विषय निघाला असता, आणि तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं.

तो ‘तू’ मी असेन का गं? तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. मला खात्री वाटत नाही. मला ते ‘अगं’ म्हणायचे, ‘तू’ अशी सुरुवात कधी केलेली आठवत नाही.

काकू

१४ एप्रिल

काकू,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. आणि मग एक गाढवपणा केला. तुला न विचारता सरांना सांगितलं. माझ्याने राहवलं नाही. पत्र दाखवलं नाही, फक्त सांगितलं.

सर म्हणाले, “म्हणजे मी बरोबर होतो. दुसरा हात. मग रांजण खरवडायचा.”

“काकांना तो हवा होता तरी?”

“त्यांना आता कसं विचारणार?”

“त्यांनी मागे लिहून ठेवलंय.”

“ते देवाला लिहिलंय.”

“काकूला लिहिलंय सर. तारीख बुधवारची आहे. त्या दिवशी घरात देव नव्हता, काकू होती.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मग माझ्या चौदा पानांचं काय?” इतकं केविलवाणं विचारलं की मला हसावं की रडावं कळेना.

तीस तारखेला समिती बसणार आहे. मी मात्र पुरती गोंधळलेय. ज्या दिवशी तू खोटं लिहिलंस त्या दिवशी रांजण वाचत होता. तू खरं लिहिलंस आणि तोच धोक्यात आला. आणि एकदा असंही मनात येतं, रांजण खरवडला तर खाली काका आहेत. तुझ्या मांडीवर. ते तुला बघायचे असतील तर? हात माझा चालणार आहे, पण काय करायचं ते तू सांग.

चिंगी

२२ एप्रिल

चिंगे,

सांगितलंस ते बरं केलंस. मी रागावले नाही. थोडी रागावले, पण ते गुडघ्यामुळे.

आठ दिवस माझं काही ठरत नाही. सकाळी वाटतं, काढू देत. एकतीस वर्षं मी त्या माणसाला झाकून ठेवलंय, त्याचा गुदमरून जीव गेला असेल. दुपारी वाटतं, नको. त्याला चेहरा नाही म्हणून लोक काय काय अर्थ लावतील. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी तुला पत्र लिहून मोडलंच, आता भर बाजारात कशाला मोडू? आणि त्यात एक लाजेची गोष्ट आहे. तो रांजण मला आवडतो. मी जन्मात काढलेली ती एकच गोष्ट. प्रत्येक प्रदर्शनात मी ह्यांच्याबरोबर जायची आणि लोक त्यापुढे उभे राहून माना डोलवायचे तेव्हा मी आपली खिडकीतून बाहेर बघायची.

हा माझा स्वार्थ आहे की त्यांची अब्रू, ते मला वेगळं करता येत नाही. तू म्हणतेस तू गोंधळलीस. मी तर तुझ्या दुप्पट वयाची, दुप्पट गोंधळलेली.

तरी विचारलंस म्हणून सांगते. राहू दे. आणि समितीने नाहीच ऐकलं, तर मला बोलावून घे. मी घातला, मीच काढेन. परक्या हाताने नको.

काकू

१२ मे

काकू,

रांजण राहिला.

समितीत अडीच तास भांडण झालं. एक बाई म्हणाल्या, दुसरा हात तो दुसरा हात. शेवटी सरच उठले. म्हणाले, “चित्रकाराने दुसऱ्याचं काम पाहिलं, त्याच्यामागे स्वतः सही केली आणि पुढची सोळा चित्रं त्यावरून काढली. आता ते काम दुसऱ्याचं राहतं का, हे मला सांगा.” डोळ्यांबद्दल मी सरांना विनंती केली होती, त्यांनी एक शब्द काढला नाही. एक्स-रेही लावायचा नाही असं ठरलं. तो माझ्या कपाटात आहे, तुझा आहे.

गेले दहा दिवस मी एकेक पोपडा खाली बसवतेय. बारीक ब्रश, सरस, वरून कोमट इस्त्री.

आता पाटीचं. चित्राखाली दोन नावं यायची आहेत. कार्यालयाने लिहून पाठवलं, ‘चित्रकार व त्यांची पत्नी’. मी ते परत केलं. नाव हवं म्हटलं. तर कुठलं, माहेरचं की सासरचं? आणि काकू, मी तिथेच अडले. तुझं माहेरचं नाव मला माहीतच नाही. बाबांना फोन केला, त्यांनाही नाही. तू आमच्यासाठी आल्यापासून काकूच.

तूच लिहून पाठव. दोन्हीतलं जे हवं ते.

चिंगी

२ जून

चिंगे,

माझ्या नावाची पाटी बघून आले. तुला कळवलं नाही, कळवलं असतं तर तू खुर्ची आणून बसवलं असतंस आणि लोकांना हाका मारल्या असत्यास. वरच्या मजल्यावरच्या बाई बरोबर होत्या. जिना धुतल्याची भरपाई म्हणून त्यांनीच गाडी केली.

माहेरचं नाव टाकलंत ते चांगलं दिसतं. शाळा सुटल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आधी वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे आणि हिने आमच्या घरात येऊन रांजण कधी काढला?

एक जोडपं शेजारी उभं होतं. तो बायकोला बरंच काही समजावत होता. यंत्रात नुसता गुणगुणाट येत होता, पण हातवारे बघून कळत होतं, मोठा अर्थ चाललाय. मग त्याने वाकून पाटी वाचली आणि मला मोठ्याने विचारलं, “ह्या दुसऱ्या कोण हो?” मी म्हटलं, “मलाही नीट माहीत नाही.” ते पुढच्या चित्राकडे गेले.

मी राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते चित्र खिडकीकडे न बघता पाहिलं. आणि चिंगे, रांजणाची डावी कड चक्क वाकडी आहे. तोंडापासून पोटापर्यंत ठीक उतरते, आणि मग एकदम आत जाते. कुणी आडवं लाथाडल्यासारखी. उजवी छान आहे. डावी इतकी वाकडी की तुझ्या सरांना, समितीला, त्या माना डोलवणाऱ्यांना कशी दिसली नाही कुणास ठाऊक.

ह्यांना मात्र कडाच दिसायच्या. दुसरं काही दिसत नव्हतं तेव्हा. म्हणजे त्या बुधवारी ती मान वाकडी करून उभे होते ते हीच बघत होते. नंतर सोळा भांडी काढली, एकाची कड वाकडी नाही. मला कधी म्हणाले नाहीत की अगं, तुझा हात इथे घसरला. एका शब्दाने म्हणाले नाहीत, मरेपर्यंत.

घरी आल्यापासून हाच विचार करतेय. माझं मन राखलं, की त्यांना ती सरळच वाटली?

काकू